पुढची ओळ

जुनं गाणं कानावर पडलं की माणूस म्हणतो, "काय दिवस होते ते!" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि माझ्याही तोंडून इतक्यांदा निघालंय, की एकदा ते नीट तपासून बघावं असं बरेच दिवस मनात होतं. दिवस खरंच तसे होते का? का गाणं गोड होतं म्हणून दिवसही गोड वाटतात? आणि साठी उलटल्यावर जुनं गाणं माणसाला कुठे नेतं, मागे की पुढे?

आधी दिवसांचं सांगतो. माझ्या लहानपणी कामोठ्याला सगळीकडे भात. खाडीच्या अंगाला खार जमीन, तिला मातीचे बांध आणि बांधात उघाडी. भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि पावसाचं गोडं पाणी बाहेर काढायचं, हे उघाडीचं काम. बांधाला खांड गेली की खाडी शेतात शिरायची, आणि मग ती जमीन पुन्हा गोडी होईपर्यंत दोन-तीन वर्षं बघत बसायचं. पावसाळ्यात आवणीला बाया रांगेने वाकायच्या. भात लावताना माणूस मागे मागे सरकतो, हे ज्यांनी लावलंय त्यांना माहीत आहे. पुढे हिरवं होत जातं आणि आपण पाठमोरे चिखलात. डोक्यावर इरलं, हातात रोपांची मूठ. त्या रांगेतून गाणं उठायचं. एक बाई ओळ धरायची, बाकीच्या ती उचलायच्या.

आज त्या गाण्याची चाल मनात आली की मला हिरवं शेत दिसतं, पाऊस दिसतो, आईचा आवाज ऐकू येतो. तिच्या पायाच्या बोटांमधल्या चिखल्या दिसत नाहीत. त्या होत्या. रात्री चुलीजवळ बसून ती पायांना तेल लावायची आणि कंबर धरून उठायची. तेही मी त्याच डोळ्यांनी बघितलंय. पण गाणं लागलं की शेत पुढे येतं, चिखल्या मागे राहतात.

म्हणजे गाणं खोटं बोलतं का? मी बराच विचार केला. माझं उत्तर असं, की गाणं बिलकूल खोटं बोलत नाही. त्या गाण्यांत काय होतं आठवून बघा. सासू जेवायला देत नाही, नवरा दारू पिऊन येतो, भाऊ दिवाळीला न्यायला येईल म्हणून बहीण वाटेकडे डोळे लावून बसलीय, बाप गेल्यावर माहेरच्या दाराला अर्थ राहिला नाही. आवणीची असोत नाहीतर जात्यावरची, सगळी गाणी अशीच. बायांनी एकमेकींना तोंडावर सांगितलं नसतं ते गाण्यात सांगितलेलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां या जोडप्याने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या ज्या वाचायला-ऐकायला मिळतात त्यांत देव आणि माहेर आहेच, पण सासुरवास केवढा आहे! बाईने पहाटेच्या अंधारात दगडाला सांगितलेलं गाऱ्हाणं आहे ते. आपण मात्र त्याचा अर्थ सोडतो आणि चाल तेवढी धरतो. खोटेपणा असलाच तर तो आपल्या कानाचा.

यावर मला एक गोष्ट वाचायला मिळाली. स्वित्झर्लंडचे सैनिक पूर्वी परमुलखात भाड्याने लढायला जायचे. त्यांच्याकडे गुरं वळताना गायची एक चाल होती. फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या रूसो नावाच्या लेखकाने 1768 सालच्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलंय, की ती चाल कानावर पडली की हे सैनिक रडायचे, पळून जायचे, झुरून मरायचेसुद्धा. म्हणून पलटणीत ती वाजवायची बंदी होती. पुढे तो म्हणतो की त्या चालीत तशी काही जादू नाही, परक्याला ती ऐकून काहीच होत नाही. जे होतं ते आठवणीमुळे होतं. मला ते पटलं. कारण आमच्या आवणीचं गाणं माझ्या सुनेला ऐकवलं, ती साताऱ्याकडची, तर ती म्हणाली, "बाबा, चांगलंय, पण एकसुरी आहे." बरोबर आहे तिचं. तिच्या मागे तो चिखल नाही.

आमच्या कामोठ्यात या गोष्टीचे दोन नमुने रोज संध्याकाळी बघायला मिळतात. बागेत ज्येष्ठ मंडळी जमतात. एकाने कराओकेचा स्पीकर आणलाय. मोबाईलवर वाद्यं वाजतात, शब्द दिसतात आणि हे गातात. बहुतेक सातारा, सांगली, कोल्हापूर, तळकोकण इथले. गिरणीत, बेस्टमध्ये, गोदीत नोकऱ्या करून इथे फ्लॅट घेतलेले. आवाज कसाही असो, गाताना तोंडावर जे उमटतं ते खरं असतं. गाणं संपलं की एखादा सांगतो, हे गाणं लागायचं तेव्हा आमच्या गावच्या जत्रेत अमकं व्हायचं, तमकं व्हायचं. शेवटी म्हणतो, "यंदा यात्रेला जायचंय." त्यांचं गाव जागेवर आहे. एसटीत बसलं की सकाळी पोचता येतं.

आमचं तसं नाही. 1970 नंतर नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन घेतली गेली. त्यात कामोठे होतं. पुढे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, 1984 च्या जानेवारीत जासईला आणि दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्यातून साडेबारा टक्के भूखंडाचा नियम आला. ते सगळं लोकांना माहीत आहे, त्यावर पुस्तकं आहेत, मी इथे ते उगाळत नाही. मला एवढंच सांगायचंय की ही मंडळी गाव सोडून आली, आणि आम्ही जागेवर बसलेलो असताना गाव आम्हांला सोडून गेलं. मानसरोवर स्टेशनावर लोकलमधून उतरलो की मला कळतं की मी घरी आलो. पण गाणं मला ज्या घरी नेतं त्याला स्टेशन नाही. ते शेत भरावाखाली गेलं, आणि भरावावर सात मजले उभे राहिले. सातव्या मजल्यावर माझाच मुलगा राहतो, सुखात राहतो. म्हणून रडायचं तरी कुठल्या तोंडाने?

इथे माझा विचार बरेच दिवस अडकून होता. सोडवला तो रेडिओने.

आमच्याकडे ट्रान्झिस्टर आला तेव्हा मी शाळेत होतो. मुंबई केंद्रावरचं 'आपली आवड', विविध भारती, आणि बुधवारी रात्री सिलोनवरून बिनाका. कातडी खोळीतला तो ट्रान्झिस्टर बापूस बांधावरही न्यायचा. दहावी झाली, पुढे शिकायची ऐपत नव्हती. मी आणि माझा एक सोबती संध्याकाळी उघाडीवर बसून गाणी ऐकायचो. आज त्यांतलं एखादं गाणं लागलं की पहिल्यांदा मला उघाडी दिसते, चिंबोऱ्या दिसतात, सोबत्याची विडी दिसते. पण जरा थांबलो की दुसरंच काही वर येतं. आम्ही तेव्हा काय बोलत होतो ते. आम्ही मागचं काहीच बोलत नव्हतो! अठरा वर्षांच्या पोराला कसलं आलंय मागचं? आम्ही बोलायचो ते पुढचं. बेलापूर पट्ट्यात कंपनीत लागू. पक्कं घर बांधू. घरात नळ घेऊ, आईला विहिरीवर जायला नको. म्हातारपणी ओट्यावर खाट टाकून बसू आणि पोरं विचारतील ते सांगू.

म्हणजे मला वाटतं ते असं. जुनं गाणं आपल्याला त्या दिवसांची आठवण देतं हे अर्धंच खरं आहे. त्या दिवसांत आपण जी आशा धरून बसलो होतो, तीही ते हातात आणून ठेवतं. गळा दाटतो तो तिच्यामुळे. कारण त्या आशेतलं 'पुढे' म्हणजे आजचा दिवस. ती माझ्या आजच्या वयाबद्दल होती. गाणं मला विचारतं, बाबा रे, उघाडीवर बसून जे ठरवलं होतंस त्याचं काय झालं?

हिशेब केला तर वाईट नाही. नळ आला. पक्कं घर झालं. आईने शेवटची पंधरा वर्षं डोक्यावर हंडा घेतला नाही. ती आशा खरी झाली आणि ती मला गोडही वाटत नाही, आपण नळ उघडतो आणि विसरतो. राहिलं ते ओट्याचं. ओटा आहे, खाट आहे, मी आहे. विचारायला येणारं कोणी नाही. मला भरतीचा तास तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करायची, की तास निघतो. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. आमचे वाडवडील घड्याळाशिवाय यावर उघाडी सांभाळत. हे ज्ञान आजही बिनचूक आहे, खाडीने आपली वेळ बदललेली नाही. पण खार जमीनच नाही तर मला कोण विचारणार?

मग म्हातारपणी माणसाला जुन्या गाण्याकडून काय हवं असतं? नातवंडं प्रेमाने विचारतात, "आबा, तुमची जुनी गाणी लावून देऊ?" लावतात, आणि आपल्या कामाला जातात. मी ऐकतो, बरंही वाटतं. पण तिथे मी नुसता ऐकणारा असतो, औषध दिलेल्या माणसासारखा. याच प्रश्नावरून आमच्या घरात दोन वर्षांमागे चांगला वाद झाला, माझ्या आत्यावरून. तो सांगतो.

आत्या धवलारीण. आगऱ्यांबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्यात भटजी येऊ लागण्याआधीपासून लग्न लावायचं काम धवलारणीचं. मांडवापासून हळदीपर्यंत आणि आंघोळीपासून अक्षतांपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला असतो. देवांना बोलावणं, गावदेवीला, कार्ल्याच्या एकवीरेला मान देणं, नवरीला उभी करणं, सगळं गाण्यात. पुस्तकांत तेराव्या शतकातल्या महदंबेचे 'धवळे' आहेत, तिला मराठीची पहिली कवयित्री म्हणतात. त्या धवळ्यांचं आणि आमच्या धवल्यांचं नातं किती जवळचं ते पंडितांनी ठरवावं, नाव तर एकच आहे. आत्याला अक्षर येत नाही. तिच्या डोक्यात किती धवले आहेत ते तिलाही माहीत नाही. विधी सुरू झाला की पुढचा येतो.

माझ्या पुतण्याची मुलगी पनवेलला कॉलेजात शिकते. तिने ठरवलं की आजीचे धवले मोबाईलवर भरून घ्यायचे. आत्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची. अलीकडे ती माणसं विसरायला लागली होती. मला कधी माझ्या बापाच्या नावाने हाक मारायची, जेवण झालं तरी पुन्हा ताट मागायची. पोरगी म्हणाली, "आबा, आता नाही घेतलं तर जाईल सगळं." चुकीचं नव्हतं तिचं. बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरून ठेवली होती म्हणून तर 1952 साली ती पुस्तकात आली. बहिणाबाई त्याआधीच्या वर्षी वारल्या होत्या. वही नसती तर महाराष्ट्राला त्या कळल्या नसत्या.

पोरगी आत्याच्या समोर मोबाईल धरून बसली. आत्या मोबाईलकडे बघून म्हणाली, "याला हलद लावलीस काय गो?" आम्ही हसलो. पोरीने पुन्हा विनवलं. तेव्हा आत्या गंभीर झाली. "नवरी नाय, मांडव नाय, मंग धवला कोनाला गाऊ?" आणि गायलीच नाही. चार वेळा बसवलं, चारही वेळा नाही. आठवत नव्हतं म्हणून म्हणावं, तर तसं नव्हतं. दुपारी एकटी पडल्या पडल्या गुणगुणायची. पण कामाशिवाय धवला गायचा नाही, हा तिचा नेम तिच्या विसरण्यातूनही वाचला होता. म्हातारपणी माणसाचं बरंच काही गळून जातं आणि गाणी मागे राहतात, हे डॉक्टरही सांगतात. गाण्याबरोबर गाण्याची मर्यादाही मागे राहते, हे मला आत्याने दाखवलं.

मग पोरगी म्हणाली, "तर मग आजीला लग्नातच नेऊ. तिथे गाईल." वाद इथे पेटला. माझा आतेभाऊ, म्हणजे तिचा मुलगा, म्हणाला, "अजिबात नाही. मागच्या लग्नात तिने एकच धवला दोनदा गायला. पोरं हसत होती. मोबाईलवर काढत होती. माझ्या आईचं हसं मी होऊ देणार नाही." त्याचा आवाज कापत होता. मला त्याचं वाटणं खोटं म्हणता येईना. ज्या बाईने पन्नास वर्षं गावोगावची लग्नं लावली, जिला मानाने गाडी पाठवून नेत, ती मांडवात गडबडली तर? तिला कदाचित कळणारही नाही, पण आपल्याला कळेल. म्हाताऱ्या माणसाची अब्रू त्याच्या मुलाने नाही सांभाळायची तर कोणी?

आणि दुसऱ्या बाजूने मला वाटत होतं, घरात बसवून आपण तिची अब्रू सांभाळतोय की आपली? घरी ती कोण आहे? औषधं चुकवणारी, ताट पुन्हा मागणारी म्हातारी. मांडवात ती धवलारीण असते. तिथे तिच्यावाचून अडतं. घरी तिच्यावाचून काहीच अडत नाही. हसं होण्याची भीती खरी, पण ती आम्हांला होती. तिने तर बोलावणं आल्यावर कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. माणसाने कधी थांबायचं हे त्याच्या वतीने दुसऱ्याने ठरवावं का? भात लावणाऱ्या बाईची कंबर गेली की बाकीच्या तिला रांगेतून काढत नसत. तिला बांधावर बसवायच्या, मुठी पुढे करायला. आणि बांधावरून तीच ओळ धरायची.

हे मी आतेभावाला बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ने, पण तू तिच्या बाजूला बस."

लग्न कळंबोलीच्या एका हॉलमध्ये होतं, आमच्याच भावकीतलं. आदल्या रात्री हळदीला डीजे होता. त्याचं मला काही वाईट वाटत नाही, आमच्या हळदीत नाच पूर्वीही होताच, आवाज तेवढा कमी होता. सकाळी नवरीच्या आंघोळीच्या वेळी यजमानबाईंनी डीजे बंद करायला लावला. आत्याला खुर्चीत बसवून आणली. बाजूला मी, मागे पोरगी, मोबाईल तिने पर्समध्ये ठेवला होता. आत्याला आधी कळेना आपण कुठे आलोय. मला म्हणाली, "दादा, होरी आली का?" होडीने उरणकडे जायचे दिवस असतील ते. मग नवरी समोर आली, हळदीने माखलेली. आत्याने तिच्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि धवला धरला. आवाज फाटलेला, पण चाल जागच्या जागी. सोबतच्या दोन म्हाताऱ्या ओळ उचलायला लागल्या.

चार-पाच ओळी नीट गेल्या. मग ती थांबली. ओठ हलत होते, शब्द येईना. ज्या दोघी ओळ उचलत होत्या त्यांना पुढचं येत नव्हतं, त्यांनी जन्मभर उचलायचंच काम केलेलं. हॉलमध्ये सगळे गप्प. एका पोराने मोबाईल वर केला. मी आतेभावाकडे बघितलं, तो खाली बघत होता.

मागून पोरीने ओळ धरली. हळूच, घाबरत, पण बरोबर तीच. दुपारी आत्या गुणगुणायची तेव्हा ती बाजूच्या खोलीत अभ्यास करायची, तिथे कानावर पडलेलं. दोघी म्हाताऱ्यांनी सवयीने ती ओळ उचलली. आत्याने मान वळवून पोरीकडे बघितलं. ओळखलं की नाही देव जाणे.

"जरा वर धर," ती म्हणाली.

पोरीने वर धरली, आणि पुढच्या ओळीला आत्या तिच्यात मिसळली. तो धवला पुरा झाला, त्यानंतरचे दोनही झाले. धवलारणीला मान म्हणून साडी आणि नारळ देतात. यजमानांनी साडी एकच आणली होती. यजमानबाई नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलल्या, आणि त्यांनी आपल्या पोराला गाडीची चावी देऊन दुसरी साडी आणायला पनवेलला पिटाळलं.